दारू आणि नशेच्या गोळ्या: उपचारांनी नक्की काय होतं? (संशोधन आणि आपला मराठवाडा)

मांजराकाठ

मी लातूर-बीडच्या पट्ट्यात व्यसनाच्या रुग्णांची समुपदेशक म्हणून काम करते. या विषयावर मराठीत जे हाताला लागतं ते एकतर "इच्छाशक्ती पाहिजे" छापाचं असतं, नाहीतर एसटी स्टँडच्या भिंतीवरचं "पेशंटला न सांगता दारू बंद". मधलं काही नसतं. खरं तर यावर साठ-सत्तर वर्षं पद्धतशीर अभ्यास चालू आहे, त्यातला काही मुंबईत आणि गोव्यातही झालाय. तो आपल्या घरांपर्यंत पोचावा म्हणून हा धागा काढते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आठ-दहा दिवस ॲडमिट करून अंगातली नशा उतरवणं म्हणजे उपचार नव्हे, ती फक्त उपचारांची सुरुवात. जे औषध आणि जी सोबत पुढे महिनोन् महिने चालू राहते, तिचाच गुण येतो. दारूच्या बाबतीत हे विसरलं तर माणूस परत पितो. अफूच्या जातीतल्या नशेच्या बाबतीत विसरलं तर माणूस मरतो.

प्रश्न किती मोठा आहे? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं एम्सकडून करून घेतलेला देशपातळीवरचा सर्व्हे २०१९ साली आला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातले जवळपास ३ कोटी दारूवर अवलंबून आहेत, म्हणजे दारूशिवाय त्यांचं शरीर चालत नाही. या ३ कोटींपैकी ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळतो. दवाखान्यात भरती होऊन उपचार मिळणारा तर १८० मध्ये एक.

आता सगळ्यात निकडीचं. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडू नये. आपल्याकडे गटारी झाली की श्रावण पाळायचा म्हणून बाटली बंद होते. सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही जणांना भ्रम होतो. ताप, नाडी जोरात, माणसं ओळखू येत नाहीत. एका बाईंनी सांगितलं की त्यांचे मालक अख्खी रात्र अंगणात बसून, हातात काही नसताना, दावं ओढून बैल बांधत होते. गाठ मारायचे, सोडायचे, परत मारायचे. घरच्यांना वाटलं बाहेरचं झालंय, म्हणून देवऋषाकडे नेलं. ते बाहेरचं नव्हतं, त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार नाहीत तर यात माणूस दगावतो आणि वेळेत दवाखान्यात पोचला तर बहुतेक जण वाचतात. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम (लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम) आधी पुरेशा डोसमध्ये देऊन मग रोज कमी करत आणतात, आणि बी-१ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन देतात. खेड्यात "अशक्तपणा आलाय, सलाईन लावा" म्हणून थेट ग्लुकोजची बाटली लावली जाते. पिणाऱ्या माणसाला थायमिन द्यायच्या आधी नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना न लाजता सांगा: "हे रोज पितात, आधी बी-१ द्या."

हे झालं की खरं काम सुरू होतं. दारू परत सुरू होऊ नये म्हणून मुख्यतः तीन गोळ्या वापरतात. डायसल्फिरॅम घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की त्याला त्रास होतो. नाल्ट्रेक्सोन पिण्यातली मजा कमी करते. अकाम्प्रोसेट दारू सुटल्यावरची आतली अस्वस्थता शांत करते. २०२३ साली अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात ११८ चाचण्यांचा एकत्र आढावा छापून आला, जवळपास २१ हजार रुग्णांचा. ५० मिलिग्रॅमची नाल्ट्रेक्सोन ११ जणांना दिली तर त्यातला एक असा निघतो, जो गोळी नसती तर परत बेदम प्यायला लागला असता. अकाम्प्रोसेटचंही तसंच: ११ जणांमागे एक जण, जो एरवी पुन्हा ग्लासाला हात लावणार होता. काहींना हा आकडा किरकोळ वाटेल. मला वाटत नाही. रोज गोळी घेऊन एवढा फरक पडणारी किती औषधं आपण बिनतक्रार आयुष्यभर घेतो!

अफूवर्गीय नशेबद्दल खाली सविस्तर लिहीन. आधी तुमचे प्रश्न येऊ द्या.

सिंधफणा

ताई, फार गरजेचं लिहिलंत. मला लगेच एक विचारायचंय. माझा थोरला भाऊ रोज देशी पितो. वहिनीनं कुणाकडून तरी पुड्या आणल्यात, वरणात कालवून देते. दादाला माहीत नाही. परवा तो पिऊन आला आणि तासाभरात तोंड लालबुंद, छाती धडधडायलेली, उलट्यांवर उलट्या. वहिनी म्हणते औषध लागू पडलं. मला तर दादा जातो का काय असं झालं होतं. काय असेल त्या पुडीत?

मांजराकाठ

सिंधफणा, पुड्या आजच्या आज बंद करा. हे वाचून मला काळजी वाटते आहे.

पुडीत काय आहे ते इथं बसून मी सांगू शकत नाही, पण तुम्ही सांगितलेली लक्षणं डायसल्फिरॅमची आहेत. दारू शरीरात गेली की तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी असतं, आणि एक एन्झाइम त्याचा लगेच निकाल लावतं. डायसल्फिरॅम त्या एन्झाइमलाच अडवतं. मग ॲसिटाल्डिहाइड साचतं आणि तोंड लाल होणं, धडधड, उलट्या, बीपी उतरणं हे सगळं होतं. हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. शिवाय गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. तेव्हा भावाला आज खरं काय ते सांगा. पुढचे पंधरा दिवस त्यांनी प्यायली तर काय होईल ते त्यांना माहीत असायला हवं. आणि ते रोज पितात, म्हणजे या भीतीनं घरीच एकदम तोडायचीही नाही. उद्याच त्यांना घेऊन जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत जा आणि उरलेली पुडी सोबत न्या. धाप, छातीत दुखणं किंवा चक्कर असेल तर उद्याची वाट न बघता आजच कॅज्युअल्टी.

वहिनींना मात्र बोल लावू नका. आपल्या भागातल्या कितीतरी बायकांनी हेच केलंय, कारण दुसरं काही कुणी सांगितलंच नाही.

अभ्यासांनी काय दाखवलं ते वहिनींनाही सांगा. अमेरिकेत ६०५ माजी सैनिकांवर डायसल्फिरॅमची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९८६ साली आले. वर्षभर पूर्ण बंद राहणाऱ्यांच्या प्रमाणात गोळीनं फरक पडला नाही. कारण सरळ होतं, गोळ्या नियमित घेणारे पाचात एकच होते. याउलट मुंबईत डिसूझा पिता-पुत्रांनी १०० पुरुषांवर वर्षभराचा अभ्यास केला, तो २००४ साली छापून आला. तिथं रुग्णाला गोळी काय आहे ते सगळं माहीत होतं, घरचं माणूस रोज समोर बसून गोळी देत होतं. डायसल्फिरॅमच्या गटात ८६ टक्के लोक दारूपासून लांब राहिले, नाल्ट्रेक्सोनच्या गटात ४४ टक्के. गोळी पोटात गेली की आज पिणं शक्य नाही हे त्या माणसाला ठाऊक असतं, आणि तेच त्याला गुत्त्यासमोरून पुढे नेतं. वरणातून गुपचूप दिलेल्या पुडीत हे कुठून येणार? तिच्यात धोका सगळा राहतो, फायदा काहीच राहत नाही.

बोरफळ

ताई, पण हा अभ्यास उघड होता ना? कुणाला काय दिलंय ते पेशंट, डॉक्टर सगळ्यांना माहीत. माझा संख्याशास्त्राशी थोडा संबंध आहे म्हणून विचारतोय. असे निष्कर्ष फुगलेले असतात.

मांजराकाठ

बरोबर आहे, आणि हा आक्षेप संशोधकांनीही घेतलाय. २०१४ साली डायसल्फिरॅमच्या २२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. उघड चाचण्यांत स्पष्ट फायदा दिसला, पेशंटला कळू न देता केलेल्या चाचण्यांत दिसला नाही. इतर औषधांच्या बाबतीत असं झालं की औषध कुचकामी असं आपण म्हणतो. पण हे औषध काम करतं ते माहीत असण्यामुळेच. प्लासिबो म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यालाही वाटतं "मला बहुतेक खरी गोळी असेल", आणि तोही भीतीनं पीत नाही. मग दोन गटांत फरक दिसणार कसा?

तरी तुमचा मुद्दा मी सोडत नाही. मुंबईतले सगळे रुग्ण पुरुष होते आणि प्रत्येकाच्या मागे घर उभं होतं. नांदेडच्या लेबर अड्ड्यावर एकटा राहणाऱ्या माणसाला ८६ टक्क्यांचं आश्वासन देणं खोटं ठरेल. त्याच अभ्यासात नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांची तलफ कमी झाली होती, हेही सांगायला हवं.

बोरफळ

पटलं. सगळ्यांना एकच माप लावता येत नाही तर.

बालाघाटचा

एवढी औषधं कशाला म्हणतो मी. आमच्या चुलत्यानं पंढरपुरात जाऊन माळ घातली. त्या दिवसापासून थेंब नाही. आज गावात सप्ताह तेच उभा करतात. मनावर घेतलं तर सुटती.

रेणापूरकर

बालाघाटचा भाऊ, तुमच्या चुलत्याला माझा दंडवत. मी पण पिणारा माणूस. आता पीत नाही, बरीच वर्षं झाली. माळ मी पण घातली होती, दोनदा. दोन्ही टायमाला काढून खिशात ठेवून प्यायलो. तेव्हा बायको म्हणायची तुमच्यात देवाचं पण भ्या राहिलं नाही. ते ऐकून जास्त प्यायचो.

मला काय लागू पडलं ते सांगतो. आधी दवाखाना, गोळ्या, आणि मग ए.ए.ची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची मीटिंग. आजूनबी दर आठवड्याला जायलोय. तिथं मास्तर हायेत, हमाल हाय, एक निवृत्त फौजदार हाय. कुणी कुणाला उपदेश करत नाही. आपलं आपण सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. मपल्यासारखं दुसऱ्याचं ऐकलं की खोटं बोलायची सवय मोडती. पिणाऱ्याला दारूपेक्षा खोटं सोडायला जड जातं, हे मी अनुभवानं सांगायलो.

तुमच्या चुलत्याला नुसती माळ नाही सोबत मिळाली असंल. भजनाचे चार गडी, एकादशी, सप्ताहाचं काम. संध्याकाळ रिकामी राहिली नसंल. चूक असंल तर सांगा.

बालाघाटचा

हो, ते खरं. रोज संध्याकाळी हरिपाठाला न्यायला माणसं घरी यायची. वर्षभर तरी एकटं सोडलं नव्हतं त्यांना.

मांजराकाठ

रेणापूरकर काका, तुमच्या प्रतिसादाला अभ्यासाची जोड देते. ए.ए. आणि त्याच्या बारा पायऱ्यांवर आधारलेल्या उपचारांचा मोठा आढावा २०२० साली कोक्रेन या संस्थेनं काढला, २७ अभ्यास, १० हजारांवर लोक. पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर मानसोपचार पद्धतींइतकी तरी परिणामकारक ठरली, आणि सलग पूर्ण बंद राहण्यात तर त्यांच्याही पुढे निघाली. फुकटात, कुठल्याही तालुक्याला एक खोली मिळाली की चालणारी गोष्ट! याआधी १९९७ साली अमेरिकेत १७२६ रुग्णांवर तीन वेगवेगळ्या पद्धतींची तुलना झाली होती. तिन्हींनी लोक सुधारले आणि तिन्हींत फार फरक निघाला नाही.

वारकरी मंडळींच्या सोबतीवर असा मोजून केलेला अभ्यास व्हावा असं मला मनापासून वाटतं. आपल्या जिल्ह्यांत ती व्यवस्था गावोगाव उभीच आहे. फक्त माळ घालायच्या आधी रोज पिणाऱ्याला दवाखान्यात दाखवा, म्हणजे पहिल्या दोन दिवसांतली फिट टळेल. देव आणि डॉक्टर यांत एकाची निवड करायची कुणी सांगितलीय?

निशिगंध

मी छत्रपती संभाजीनगरला असते. दारूबद्दल सगळे बोलतात, गोळ्यांबद्दल कुणी बोलत नाही. माझा भाचा इंजिनिअरिंगला होता. आधी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, मग दुखण्यावरच्या कॅप्सूल. पत्ता संपला की नाक गळतं, जांभया, हातपाय मोडून आल्यासारखे, जुलाब. ताईनं दागिने मोडून एका खासगी केंद्रात ठेवलं. बरा होऊन आला, तोंडावर तेज आलं होतं. आणि थोड्याच दिवसांत परत सुरू. आता भाओजी म्हणतात, "याला मेलेला समजा." काय करायचं आम्ही?

औषधपेठ

माझं मेडिकल आहे, म्हणून एक खुलासा. आपल्याकडे पोलीस ज्या "बटन" गोळ्या पकडतात त्या बहुतेक नायट्राझेपाम-अल्प्राझोलाम, म्हणजे झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या. मालेगावकडे "कुत्ता गोळी" म्हणतात ती पण त्यातलीच. ती अफूची जात नाही. निशिगंध ताईंनी सांगितलेलं मात्र अफूवर्गीय आहे. खोकल्याच्या औषधातलं कोडीन आणि कॅप्सूलमधलं ट्रामाडॉल. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. चिठ्ठीशिवाय देणारा दुकानदार गुन्हा करतो, आणि आमच्याच धंद्यातली काही माणसं तो करतात याची लाज वाटते. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून डॉक्टरांकडे जाताना रिकामं पाकीट घेऊन जा. झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर त्यापण एकदम बंद करायच्या नसतात, फिट येते.

मांजराकाठ

निशिगंध, भाच्याला मेलेलं समजू नका. त्याला अर्धाच उपचार मिळाला.

स्टॉकहोममध्ये ४० जणांवर एक छोटा अभ्यास झाला, २००३ साली छापून आला. सगळे हेरॉइनचे रुग्ण होते. समुपदेशन सगळ्यांना सारखंच होतं. निम्म्यांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन दिलं, म्हणजे अफूच्याच जातीतलं पण नशेऐवजी उपचारासाठी द्यायचं औषध. उरलेल्यांना तेच औषध सहा दिवसांत कमी करत बंद केलं आणि पुढे नुसती दिसायला सारखी गोळी. वर्षअखेरीला पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही टिकला नाही, आणि त्या वीसपैकी चौघं मेले. आपल्याकडे "शुद्ध करून पाठवलं" म्हणतात ते हेच.

का मरतात? नशा सुटली की शरीराची सहनशक्ती उतरते. मग एखाद्या दिवशी तो माणूस पूर्वीचाच डोस घेतो आणि श्वास बंद पडतो. इंग्लंडमध्येही असंच दिसलं, डिटॉक्स म्हणजे अंगातली नशा उतरवणं पुरं करून बाहेर पडलेल्यांना डिटॉक्स अर्धवट सोडणाऱ्यांपेक्षा जिवाचा धोका जास्त होता. २०१७ साली अनेक देशांतल्या रुग्णांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. हजार लोक वर्षभर पाहिले तर मेथाडोनवर (हेही तसंच उपचाराचं औषध) असताना ११ मृत्यू आणि उपचार सुटल्यावर ३६. ब्युप्रेनॉर्फिनवर असताना ४, सुटल्यावर साडेनऊ. उपचार सुटल्यानंतरचा पहिला महिना सगळ्यात वाईट.

म्हणून भाच्याला ब्युप्रेनॉर्फिन-नालॉक्सोनची, जिभेखाली ठेवायची गोळी चालू करता येईल का ते मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. साध्या मेडिकलवर ती मिळत नाही, केंद्रातूनच मिळते. पहिला डोस नशा उतरून त्रास सुरू झाल्यावरच देतात, आधी दिला तर त्रास एकदम उफाळतो. दुसरा मार्ग नाल्ट्रेक्सोनचा आहे, पण त्यासाठी आधी साधारण सात ते दहा दिवस अंगात अफूवर्गीय काहीही नको, आणि गोळी मध्येच सोडली तर वर सांगितलेला धोका आहेच. घरात जाणतं माणूस रोज गोळी देणारं असेल तरच विचार करा.

गोदातीर

माफ करा, पण ही तर एक नशा काढून दुसरी लावणं झालं. सरकारच अफूच्या गोळ्या वाटणार? पोरं आयुष्यभर त्या केंद्राच्या रांगेत उभी राहायची का?

मांजराकाठ

हा प्रश्न रोज ऐकते आणि विचारणाऱ्याचा राग येत नाही. बाहेरून तसंच दिसतं.

फरक दिवसात दिसतो. नशेवर असलेल्या पोराचा दिवस चार-सहा तासांचा असतो. चढली, उतरली, पैसे शोध, माल शोध. ब्युप्रेनॉर्फिन हळू चढतं, लांब टिकतं आणि एका मर्यादेपुढे डोस वाढवून परिणाम वाढत नाही. त्यामुळे योग्य डोसवर पोरगा सकाळी गोळी घेतो आणि कामाला जातो. न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निस्वँडर या डॉक्टर जोडप्यानं १९६५ साली मेथाडोनचे पहिले निष्कर्ष मांडले. २२ रुग्ण होते. हेच पाहून ते चकित झाले होते की माणसं शाळेत, नोकरीत, घरात परत जायला लागली. फ्रान्सनं १९९५ पासून गल्लीतल्या साध्या डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन द्यायची मुभा दिली आणि चार वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेनं ही दोन्ही औषधं २००५ साली अत्यावश्यक यादीत घेतली. पंजाबात २०१७ पासून याची बाह्यरुग्ण केंद्रं चालतात.

किती वर्षं घ्यायची? काहींना दोन, काहींना बरीच. कमी करायची ती रुग्णाची तयारी झाल्यावर, सावकाश. "लग्न जमवायचंय, तोवर बंद करा" असा दबाव घरून येतो तेव्हा मी हात जोडून विनंती करते की असं करू नका.

गोदातीर

दिवसाचा मुद्दा असा कधी ऐकला नव्हता. मृत्यूचे आकडे बघून विचार करावा लागेल.

जिंतूरची_लेक

आमच्या भागातल्या एका केंद्रात माझ्या मावसभावाला साखळीनं कॉटला बांधलं होतं. पाठीवर वळ होते. घरच्यांनी सहीच केली होती म्हणे.

मांजराकाठ

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांचं व्यसनही येतं. त्या कायद्यानं साखळीनं बांधण्याला सरळ मनाई आहे, कलम ९५. घरच्यांच्या सहीनं ती मनाई उठत नाही. केंद्र निवडताना एवढं विचारा: डॉक्टर रोज येतात का, रुग्णाला घरच्यांशी बोलू देतात का, आणि घरी सोडल्यावर पुढे काय करणार. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पैसे वाचवा.

आशा_सेलू

मी आशा वर्कर आहे. मॅडम, तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही. पीएचसीत गर्दी. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

मांजराकाठ

तुमच्यासाठीच गोव्याचा अभ्यास सांगायचा राहिला होता. संगत या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर चाचणी केली, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली स्थानिक माणसं होती. जास्तीत जास्त चार बैठका, अर्धा-पाऊण तासाच्या. तीन महिन्यांनी धोकादायक पिणं थांबलेले ३६ टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारांत २६ टक्के. एक लक्षात ठेवा: हे लोक धोकादायक पिणारे होते, पूर्ण अवलंबून असलेले नव्हते. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, प्यायल्यावर थांबतात, असा माणूस तुम्ही डॉक्टरांकडेच पाठवा. पण जो अजून त्या टोकाला गेला नाही, त्याच्याशी तुम्ही बोललेलं वाया जात नाही, हे आता आकड्यांनी सिद्ध आहे. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची १४४१६ आणि व्यसनमुक्तीची १४४४६ या दोन्ही हेल्पलाइन फुकट आहेत, मराठीत बोलता येतं.

सिंधफणा

ताई, वहिनीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती रडली आणि दादाला सगळं सांगितलं. दादा चिडला, ताट फेकलं, पण काल नंतर प्यायला नाही. दवाखान्यात यायला मात्र तयार नाही. आता?

मांजराकाठ

काल नंतर नाही म्हणजे आत्ता जपायची वेळ आहे. थरथर वाढली, फिट आली, बडबड सुरू झाली, तर त्याची तयारी असो-नसो, १०८ बोलवा.

आणि यायला तयार नसलेल्यांसाठीही अभ्यास आहेत. अमेरिकेत १३० घरांवर १९९९ साली तुलना झाली. सगळ्यांनी मिळून रुग्णाला घेरून जाब विचारायचा, या पद्धतीनं ३० टक्के उपचाराला आले. घरच्यांनी स्वतःपुरता आधारगट धरायचा, यानं १३ टक्के. आणि घरच्यांनाच शिकवलं की तो शुद्धीत असताना त्याच्याशी चांगलं वागा, सोबत जेवा, पिऊन आला तर भांडू नका पण त्याचं निस्तरूही नका, आणि त्याचं मन वळलेलं दिसलं की त्याच दिवशी दवाखान्यात न्या, तर ६४ टक्के आले. वहिनींनी उद्या सकाळी, तो शुद्धीत असताना, एवढंच म्हणावं: "मी चुकीच्या पद्धतीनं केलं, आता तुमच्यासोबत करायचंय. बीपी तपासून येऊ." बीपीच्या नावानं माणूस येतो. पुढचं डॉक्टर बघतील.

सिंधफणा

करून बघते. अजून एक. डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच तर दसऱ्यानंतर दोघं ऊसतोडीला जायचे आहेत, मुकादमाची उचल घेतलीय. चार-पाच महिने कोल्हापूरकडं. तिथं गोळ्या कोण देणार?

मांजराकाठ

कोयत्यावर जाणाऱ्यांचे उपचार इथंच तुटतात, म्हणून आम्ही जायच्या आधीच बसून ठरवतो. डॉक्टरांना जाण्याची तारीख सांगा. डायसल्फिरॅम दिली असेल तर निघण्यापूर्वी लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या, आणि डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर गोळी थांबवून जवळच्या दवाखान्यात दाखवा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात ते कळतं. आमच्याकडची एक बाई पहाटे ट्रॅक्टर यायच्या आधी तांब्यातल्या पाण्यात गोळी विरघळवून नवऱ्याला देते. तो तिच्यासमोर पितो, आणि दोघं कॅलेंडरवर खूण करतात. ते कॅलेंडर घडी करून तिनं ओपीडीत आणलं होतं, मधल्या काही खुणा नव्हत्या, त्यावर आम्ही तिघं बोललो. मुकादम आठवड्याचा खर्ची देतो तो शक्यतो वहिनींच्या हातात यावा, हे आधीच बोलून घ्या. गोळी चुकली आणि प्यायला गेला तर सगळं बुडालं असं मानू नका, दुसऱ्याच दिवशी ओपीडीला किंवा १४४१६ ला फोन करा. पण प्यायल्यावर निदान बारा तास ती गोळी द्यायची नाही. हे त्या कॅलेंडरच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.